न दुखणारी गाठ

निखिल, रोहन आणि सई,

संक्रांतीला व्हिडिओ कॉलवर रोहनने विचारलं होतं, "काका, तुझे केस कुठे गेले?" प्रशांतकाका टोपी कपाळावर ओढत म्हणाला, "उवा झाल्या होत्या रे." तुम्ही हसलात, आम्हीही हसलो आणि बोलणं तिळगुळावर गेलं. तुमच्या आईबाबांना खरं काय ते माहीत होतं. तुम्हाला सांगायचं नाही असं ठरलं होतं, कारण काकाला ते नको होतं.

आता काकाच म्हणतो, लिही. त्याला स्वतःला सांगता येत नाही, म्हणून मी, तुमची आजी, लिहिते आहे. निखिल आणि रोहन, तुम्ही आता ज्या वयात आहात त्या वयात हे माहीत असायला हवं. सई, तूही वाच. उद्या तुझ्या आजूबाजूला भाऊ, मित्र, नवरा असतील, आणि अशा गोष्टी पुरुष स्वतःहून क्वचितच बोलतात.

आमच्या शाळेत विज्ञानाचे सर पुनरुत्पादनाचा धडा "हा घरी वाचून या" म्हणून सोडून देत. मी शेजारच्या वर्गात इंग्रजीचं व्याकरण शिकवत असे, मला सगळं ऐकू येई. घरी कोणी वाचत नसे. म्हणून मी शब्द स्वच्छ वापरणार आहे. पुरुषाच्या अंडकोशात दोन वृषणं असतात. त्यांतच बीज, म्हणजे शुक्राणू, तयार होतं, आणि पुरुषाचं पुरुषपण घडवणारं संप्रेरकही. तुमच्या काकाच्या डाव्या वृषणात गाठ झाली होती. ती कर्करोगाची होती. आज काका बरा आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं तुम्ही शांतपणे वाचाल.

घरोघरी असतं

आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीकडे डास फार. डासांमुळे हत्तीपाय होतो हे तुम्ही ऐकलं असेल. त्याच आजारात पुष्कळ पुरुषांच्या अंडकोशात पाणी भरतं. याला अंडवृद्धी म्हणतात. गावात कोणी डॉक्टरी नाव घेत नाही, "त्याले पाणी भरलं" एवढंच म्हणतात. ते दुखत नाही. माणसं सैल पायजमा घालतात आणि त्या ओझ्यासकट आयुष्य काढतात. कधी सरकारी शिबिर लागलं तर शस्त्रक्रिया करून घेतात. त्यात कोणाला घाबरण्यासारखं काही वाटत नाही.

प्रशांतला विहिरीवर अंघोळ करताना डावी बाजू जड लागली, ती कपाशीच्या फवारणीच्या दिवसांत. त्याने हे आम्हाला सांगितलं नाही. सांगितलं शंकरभाऊंना. शंकरभाऊ म्हणजे शेजारच्या शेताचे मालक, प्रशांतहून बरेच मोठे, गावातले सगळ्यांत थट्टेखोर गृहस्थ. दोघं एकमेकांच्या शेतात मिळून फवारणी करतात. त्यांचं बोलणं मला पुढे शंकरभाऊंनीच सांगितलं.

"भाऊ, एका बाजूनं जड लागून राह्यलं."

"दुखते का?"

"नाई."

"मंग पाणी असन. माह्या बापाले होतं, काकाले होतं. मले बी हाय थोडं. आता तू खरा या गावचा झाला लेका!"

दोघं हसले आणि पुन्हा पंप पाठीवर घेतले. अशा रीतीने निदान झालं. ते निदान चुकीचं होतं आणि तसं चुकणं आपल्याच भागातल्या माणसाला शक्य होतं. दुसरीकडचा मुलगा घाबरून डॉक्टरकडे गेला असता. इथे सूज म्हणजे पाणी आणि पाणी म्हणजे घरोघरी असतंच. पाण्याची सूज मऊ, फुग्यासारखी असते. प्रशांतची गाठ खड्यासारखी कडक होती. हा फरक त्याला कोणी सांगितला नव्हता.

मनीषाच्या गोळ्या

तुमच्या काका-काकूंना मूल नाही हे तुम्हाला माहीत आहे. का नाही, हे तुम्ही कधी विचारलं नाही. शहाणी आहात. इथे मात्र सगळे विचारत. लग्नानंतर वर्ष उलटलं तसं मनीषाकाकूचं औषधपाणी सुरू झालं. झाडपाल्याचा काढा झाला, देवीचा नवस झाला, चंद्रपूरच्या गोळ्या झाल्या. हळदीकुंकवाला गेली तर तिची ओटी भरताना बायका डोळ्यांत पाहत नसत. प्रशांतचीही तपासणी करून घ्या, असं मी एकदा जेवताना म्हटलं होतं. तो अर्ध्या ताटावरून उठला. भात तसाच राहिला.

त्या पावसाळ्याअखेर चंद्रपूरच्या नव्या डॉक्टरीणबाईंनी मनीषाचे सगळे जुने कागद पाहिले आणि विचारलं, "यजमानांची तपासणी कुठे आहे?" ती नव्हतीच. त्या म्हणाल्या, "त्यांना घेऊन या. तोवर मी एकही गोळी लिहून देणार नाही."

मनीषाने घरी येऊन काय सांगितलं ते मला माहीत नाही. दुसऱ्या आठवड्यात प्रशांत फवारणी सोडून तिच्याबरोबर बसमध्ये बसला. मीही गेले, कारण मनीषा म्हणाली, "आई, तुम्ही चला. इंग्रजीत काई लिहून देतीन तं मले वाचता येत नाई."

तो दिवस

पहिल्या अहवालात बीज जवळजवळ नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी ते सरळ सांगितलं. मग त्यांनी त्यांच्या सहकारी डॉक्टरांकडून प्रशांतला तपासून घेतलं, आणि लगेच सोनोग्राफी. बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा शाळेतून नाव काढलेल्या मुलासारखा झाला होता.

सोनोग्राफीच्या कागदावर इंग्रजीत चार ओळी होत्या. मी त्या वाचल्या. आयुष्यभर मुलांना सांगत आले, इंग्रजी वाचता आलं म्हणजे जगाचं दार उघडतं. त्या दिवशी ते दार मला नको होतं. मनीषा माझ्या तोंडाकडे बघत होती.

"काय लिहिलं आई?"

"डॉक्टर सांगतील," मी म्हटलं.

"तुमाले समजलं न?"

"गाठ आहे. नागपूरला जावं लागेल."

संध्याकाळी बसस्थानकावर प्रशांत पाण्याची बाटली आणायला गेला, तेव्हा मनीषा मला चिकटून बसली आणि अगदी हळू म्हणाली, "आई, एक बोलू? रागावू नका. पयला कागद आला न, माह्यात दोष नाई म्हणून, तं मले बरं वाटलं. जीव हलका झाला माहा. आन् तेवढ्यातच त्याइले गाठ निंगाली. देवानं ऐकलं असन का, मले बरं वाटलं ते?"

मी तिचा हात धरून ठेवला. म्हटलं, "देवाला एवढा वेळ नसतो गं. गाठ आधीपासूनच होती." यापेक्षा चांगलं काही सुचलं नाही. पण तिने खांदा सैल सोडला.

बैल

नागपूरचे शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर मोजकं बोलणारे होते. ते म्हणाले, हा कर्करोग तरुण वयात होतो, वेळेत धरला तर बहुतेक वेळा पूर्ण बरा होतो, आणि वेळ आत्ताची आहे. डावं वृषण काढावं लागेल. या आठवड्यात या.

प्रशांत म्हणाला, "कापूस निघाल्यावर आलो तं?"

डॉक्टर म्हणाले, "कापसासाठी दुसरी माणसं मिळतील."

घरी आल्यावर त्याने बॅगसुद्धा भरली नाही. सकाळी शेतात, दुपारी शेतात. मी विचारलं की "पाहू न" म्हणायचा. सूज वाढत होती की नाही, तेही सांगेना. मी त्याला रागावले, समजावलं, तुमच्या बाबांकडून फोन करवला. फोनवर तो "हो दादा, हो दादा" म्हणाला आणि पुन्हा शेतात गेला. मला रात्री झोप लागेना. दिवस सरत होते आणि डॉक्टरांनी सांगितलेला आठवडा संपत आला होता.

शेवटी गोठ्यासमोर त्याने खरं सांगितलं. तो मोऱ्या बैलाच्या पाठीवर हात ठेवून उभा होता. मनीषा घमेल्यात सरकीची ढेप कालवत होती.

"आई," तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "मले बैल करून टाकतीन ते."

तुम्ही तिकडे, गावापासून लांब वाढलात, म्हणून सांगते. गोऱ्ह्याला कामाला जुंपण्याआधी खच्ची करतात, तेव्हा तो बैल होतो. न केलेला तो सांड. शेतकऱ्याच्या मुलाने हे लहानपणापासून पाहिलेलं असतं, त्या गोऱ्ह्याचं ओरडणंही ऐकलेलं असतं. प्रशांतच्या मनात डॉक्टरांची खोली नव्हती, ते होतं.

मनीषाने ढेपेचा हात झटकला.

"बैलाचे दोनी जातेत. तुमचं एक राह्यते. डाक्टरनं सांगतलं, ते आयकलं नाई का?"

"तुले काय समजते त्यातलं?"

"मले बैल समजते. आन् करतीन बैल, तं करू द्या! या घरात काम कोन करते, बैल का सांड? सांड तं गावभर हिंडते न् लोकाइच्या तुरीत तोंड घालते. तसा नवरा पायजे का मले?"

मी तोंड फिरवलं. हसू आवरेना. प्रशांतने तिला रागावण्यासाठी तोंड उघडलं आणि त्यालाही हसू फुटलं. हसता हसता तो दगडावर बसला, आणि बसल्यावर कळलं की तो रडतो आहे. तुमच्या आजोबांच्या चितेपुढेही तो असा रडला नव्हता.

डोळे पुसत म्हणाला, "आन् पोरगं?"

"पोराचं मागून पाहू. नाई झालं तं नाई झालं. नवरा मातर मले हाच पायजे, आन् जिता पायजे."

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या बसने आम्ही तिघं नागपूरला निघालो. मोऱ्याला चारा घालायचं काम शंकरभाऊंनी घेतलं. त्यांना आम्ही हर्नियाचं ऑपरेशन आहे असं सांगितलं होतं.

खोलीची कडी

हा भाग लिहू की नको, असा विचार मी केला. पण कोणाच्या तरी उपयोगाचा हाच असेल.

शस्त्रक्रियेआधी डॉक्टरांनी सांगितलं की पुढे औषधं द्यावी लागली तर उरलंसुरलं बीजही जाऊ शकतं. म्हणून आत्ताच थोडं गोठवून ठेवा. हे सांगायचं अनेक ठिकाणी राहून जातं, आणि नंतर वेळ निघून गेलेली असते. तुमच्या ओळखीत कोणावर ही वेळ आली तर हा प्रश्न तुम्हीच विचारा.

नमुना देण्यासाठी एक लहान खोली होती, आणि तिची आतली कडी मोडलेली होती. प्रशांत दारात थबकला आणि परत वळला. मनीषाने त्याला खांद्याला धरून आत ढकललं, दार ओढून घेतलं आणि पाठ लावून पहाऱ्याला उभी राहिली. मी समोरच्या बाकावर वर्तमानपत्र उघडून बसले. एक वॉर्डबॉय बादली घेऊन आला.

"बाई, आत फडकं मारायचं हाये."

"मागून मारा."

"आत कोन हाये?"

"माहा नवरा हाये. नमाज पढून राह्यला," मनीषा म्हणाली.

तो मनीषाच्या कपाळावरचं कुंकू बघत उभा राहिला. मी वर्तमानपत्र आणखी वर धरलं. ते उलटं होतं, हे नंतर लक्षात आलं.

त्या दिवशी जमलं नाही. दुसऱ्या दिवशी जमलं. तपासनीस मुलगी सूक्ष्मदर्शकाखाली काच पाहून बाहेर आली आणि तिने मनीषालाच सांगितलं, "थोडे आहेत. पण जिवंत आहेत. ठेवून देऊ." मनीषाने तिला नमस्कार केला, देवळात करतात तसा.

औषध चढताना

शस्त्रक्रिया लवकर आटोपली. जखम जांघेत होती, अंडकोशावर नव्हे, हे पाहून प्रशांतला फार हायसं वाटलं. पण पोटातल्या ग्रंथींपर्यंत आजार थोडा पोचला होता, म्हणून सलाईनमधून औषधं द्यावी लागली. काही दिवस दवाखान्यात, काही दिवस घरी, पुन्हा दवाखान्यात.

औषधांबद्दल पुस्तकात लिहिलेलं असतं, ते मी लिहीत नाही. पुस्तकात नसतं ते लिहिते. त्याला हिरव्या साबणाचा वास सहन होईना, म्हणून मनीषा कपडे नुसत्या पाण्यात खळबळत असे. केस उशीवर राहू लागले तेव्हा तो दवाखान्यातल्या न्हाव्याला म्हणाला, "एकदाच काढ, रोज रोज काऊन मरू?" बोटांच्या टोकांना मुंग्या येत, त्यामुळे शर्टाच्या गुंड्या लागत नसत, आणि त्या तो दुसऱ्या कोणाला लावूही देत नसे. तो चिडायचा. मनीषावर चिडायचा, माझ्यावर चिडायचा. एकदा डबा भिंतीवर फेकला. वरण खाली ओघळत होतं आणि आम्ही तिघं त्या ओघळाकडे बघत होतो. मग मनीषा उठली, फडकं आणलं, आणि त्याच्या हातात दिलं. त्याने पुसलं. आजारी माणसाचं सगळं सोसायचं नसतं, हे मी तिच्याकडून शिकले.

शेजारच्या खाटेवर सिरोंच्याचे एक म्हातारे कोळी होते. मराठी बेताचीच, तेलुगूच जास्त. त्यांच्या सुनेने बांधून दिलेलं लाल तिखट लोणचं ते प्रशांतपुढे धरायचे, "तिनू, तिनू!" खा म्हणून. तोंडाची चव गेलेल्या माणसाला ते लोणचं तेवढं जिभेला लागायचं. ज्वारीची आंबील आणि सिरोंच्याचं लोणचं यांवर त्याने ते दिवस काढले. डॉक्टरांना आम्ही लोणच्याचं सांगितलं नाही.

चितळ

दुसऱ्या फेरीत एकदा डॉक्टर तपासून निघाले होते, तेव्हा प्रशांतने त्यांना थांबवलं. एरवी तो त्यांच्यापुढे मान वर करत नसे.

"सर, एक इचारू? जंगलातल्या जनावराचं हाय."

आपलं शेत जंगलाला लागून आहे. पहाटे चितळांचे कळप कपाशीच्या कडेला येतात. नराच्या शिंगांवर आधी मखमलीसारखी लव असते. मग ती वाळते, झाडाला घासून तो ती काढून टाकतो, आणि आतून टणक शिंग निघतं. पुढे शिंग गळतं, नवं येतं. प्रशांत कान फाटलेल्या एका नराला ओळखत होता. गेली दोन-तीन वर्षं त्या नराच्या शिंगांवरची मखमल वाळलीच नव्हती. शिंगं गळतही नव्हती. नुसती गाठीगाठींनी फुगत गेली होती. इतर नर झुंजत, हा माद्यांमध्ये मान खाली घालून चरत असे.

"त्याले बी माह्यासारखं काई असन का?"

डॉक्टर खुर्ची ओढून बसले. त्यांच्या खांद्यावरची घाई उतरलेली मी तेव्हाच पहिल्यांदा पाहिली. ते म्हणाले, "शिंग टणक होणं, गळणं हे वृषणातल्या संप्रेरकावर चालतं. ते कमी पडलं तर मखमल राहते. त्याच्या वृषणांना काही इजा झाली असणार. कशाने, ते मी नाही सांगू शकत. तो पाणी कुठे पितो?"

प्रशांत उठून बसला. मग म्हणाला, "आमी पंप धुतो, तिथीच."

शेताच्या खालच्या अंगाला नाल्यात एक खड्डा आहे. फवारणीचं पाणी तिथूनच घेतात, संध्याकाळी पंप तिथेच विसळतात, रिकाम्या बाटल्या काठावर पडतात. रात्रीतून जनावरं तिथे येतात. मलाही हे दिसत होतं. दिसत होतं म्हणजे डोळ्यांसमोर होतं, एवढंच.

कारण

माझा स्वभाव तुम्हाला माहीत आहे. प्रत्येक गोष्टीचं कारण मला ओळीत मांडून हवं असतं. घरी आल्यावर मी इंग्रजीत मिळेल ते वाचलं. शेतातल्या आणि कारखान्यांतल्या काही रसायनांचा नराच्या बीजावर आणि संप्रेरकांवर परिणाम होतो, असं शास्त्रज्ञ लिहितात. माणसांत, माशांत, बेडकांत, हरणांत तसे बदल पाहिले गेले आहेत. कर्करोगाबद्दल मात्र ते जपून लिहितात.

मी सगळं घेऊन डॉक्टरांकडे गेले. म्हटलं, "म्हणजे फवारणीनेच झालं."

ते म्हणाले, "बाई, बीज कमी होण्यात तिचा हात असू शकतो. गाठ कशाने झाली, हे एका माणसाबाबत कोणी शपथेवर सांगू शकणार नाही. पण औषध अंगावर सांडू देऊ नका, हे सांगायला मला शपथ लागत नाही."

मला ते उत्तर अपुरं वाटलं. अजूनही वाटतं. पण ते खरं आहे, आणि तुम्हाला मी त्याहून जास्त सांगणार नाही.

सांडण्याचंही सांगते, कारण ते कुठल्याच लेखात मला सापडलं नाही. आश्विनातल्या उन्हात आपल्याकडे अंगाची लाही होते. पाठीवरचा पंप झाकणाशी गळतो, औषधाचं पाणी पाठीवरून कमरेपर्यंत उतरतं, पायजमा जांघेपर्यंत ओला होतो. झाकणाचं वायसर, म्हणजे आतली रबरी चकती, बदललं तर गळणं थांबतं. पण बदलत नाहीत. कारण त्या ओलीने गार वाटतं. शंकरभाऊ म्हणायचे, "आमच्या एसीले हात नको लावा." त्याच ओल्या कपड्यांत दिवसभर राहायचं, त्याच हातांनी पन्नीवर तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटायचा, तोंडात टाकायचा. आळस नव्हता हा, उन्हाने पोळलेल्या माणसाला मिळालेलं तेवढंच सुख होतं.

फवारणी सोडून दे, असं मी प्रशांतला म्हटलं. तो म्हणाला, "आई, सोडून पायली असती तं कापूस अळीनं नेला असता. मी कमी करतो, गळू देत नाई, आंघोळ करतो. बाकी तू म्हणशील ते." आता तो पंप नाल्यावर नेत नाही. पाणी ड्रममधून बांधावर आणतो आणि पंप तिथेच धुतो. वायसर स्वतः बसवतो. खर्रा सुटला आहे असं तो म्हणतो, पूर्ण सुटलेला नाही असं मनीषा म्हणते.

कान फाटलेला चितळ यंदा दिसला नाही. तो मेला असेल, किंवा दुसरीकडे चरत असेल.

निखिल, रोहन, तुम्हाला

महिन्यातून एकदा, गरम पाण्याच्या अंघोळीनंतर, दोन्ही बाजू बोटांनी हळू तपासा. एक बाजू थोडी खाली, थोडी मोठी असणं ठीक आहे. खड्यासारखी कडक गाठ, जडपणा, आकारात बदल, यांपैकी काही वाटलं तर त्याच आठवड्यात डॉक्टरकडे जा. दुखत नाही म्हणून थांबू नका. काका त्यामुळेच थांबला. आणि लक्षात ठेवा, एक वृषण काढल्याने माणूस कमी होत नाही. दाढी येते, आवाज तोच राहतो, संसार होतो. हे मला सांगताना लाज वाटली नाही, तर तुम्हाला वाचताना वाटू नये.

शेवटच्या तपासणीत काकाच्या रक्तात आणि पोटात काही सापडलं नाही. तपासण्या पुढेही चालू राहतील. प्रत्येक वेळी नागपूरला जाण्याआधी दोन दिवस तो कोणाशी धड बोलत नाही. गोठवलेलं बीज नागपूरला आहे. त्याचं काय करायचं ते काका-काकू ठरवतील. तुम्ही विचारू नका, मीही विचारत नाही.

आणखी एक. मागच्या आठवड्यात शंकरभाऊ आले. ओट्यावर बसले, चहा घेतला, पावसाचं बोलले. उठताना प्रशांतला कोपऱ्यात घेऊन म्हणाले, "का बे, तुया हर्नियाचं आमाले सारं मालूम हाय. गावात काई लपते का? मले एक सांग. पाणी असलं तं मऊ लागते, अन् दुसरं असलं तं कडक, असंच न?" त्यांचा आवाज थट्टेचा नव्हता. प्रशांतने चप्पल घातली. दोघं तडक चंद्रपूरला गेले. शंकरभाऊंचं पाणीच निघालं. परत येताना त्यांनी बसमध्ये सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ते जाहीर केलं म्हणे.

हे सगळं लिहून झाल्यावर मी प्रशांतला वाचून दाखवलं. पहिल्या खर्ड्यात मी त्याचं नाव घातलं नव्हतं. 'आपल्या नात्यातल्या एका तरुणाला' असं लिहिलं होतं. तुम्ही हे मित्रांना दाखवाल, मनीषाच्या माहेरी जाईल, कोण जाणे कुठे जाईल, म्हणून.

तो तूर निवडत होता. मनीषा त्याच्या शेजारी सुपात पाखडत होती. मी वाचत गेले तसा त्याचा हात थांबला. बैलाच्या भागावर मनीषा तोंडाला पदर लावून हसली. तो हसला नाही. वाचून झाल्यावर म्हणाला, "एका तरुणाले म्हणजे कोनाले?"

"तुलाच. नाव नको म्हणून."

त्याने सुपातला खडा उचलून बाहेर फेकला.

"नाव टाक आई. प्रशांत लिही. पोराइले इचाराची लाज वाटली तं म्हणाव, काकाले फोन करा. मी सांगतो."